ब्राउझर स्लो झालाय, म्हणजे नक्की काय झालंय?

"बरं वाटत नाहीये" हे जसं दुखणं नव्हे, तसंच "ब्राउझर स्लो झालाय" हा बिघाड नव्हे. पहिल्या वाक्यावर कुठलाही शहाणा डॉक्टर औषध लिहून देत नाही. ताप आहे का, पोट कसंय, काल काय खाल्लं होतं, असं आधी विचारतो. दुसऱ्या वाक्यावर मात्र आपण सगळेच धन्वंतरी! कॅश क्लिअर कर. फॉरमॅट मार. क्रोम काढून फायरफॉक्स टाक. नवीनच घे आता, किती वर्षं वापरणार? गंमत म्हणजे ऑफिसात एका बगसाठी तीन-तीन दिवस लॉग वाचत बसणारी आपली जमात घरच्या बगचा निकाल अर्ध्या मिनिटात लावते, तोही फोनवर, जेवता जेवता.

आज लिहायचंय ते अशाच एका घरगुती केसबद्दल. पेशंट : कराडच्या आमच्या घरातला डेस्कटॉप. २०१५ साली तिथल्याच एका दुकानातून असेंबल करून घेतलेला. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०, आणि बाकी जगाप्रमाणे क्रोम. वापरणारे : माझे बाबा, हायस्कूलमधून रिटायर झालेले विज्ञानाचे शिक्षक. काळ : मे २०२५.

बाबांचा कॉम्प्युटर म्हणजे गल्लीची सार्वजनिक मालमत्ता. कोणाचं लाइट बिल, कोणाचं रेल्वेचं तिकीट, कोणाच्या नातीचा ॲडमिशनचा फॉर्म... सगळं त्या टेबलावरून जातं. त्या मे महिन्यात आईने फोनवर सहज सांगितलं, की बाबांनी कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलंय. शेजारच्या काकू फॉर्म घेऊन आल्या तर त्यांना "सायबर कॅफेत जा" म्हणाले. का, तर "हल्ली मला जमत नाही. चुका होतात. परवा एकच बिल दोनदा भरलं असतं."

इथे नीट बघा. ब्राउझर स्लो झालाय अशी तक्रार त्यांनी केलीच नव्हती. त्यांच्या मते स्लो ते स्वतः झाले होते. त्यामुळे ही केस मला अर्ध्या मिनिटात उडवून लावायची नव्हती. शनिवारी सकाळी कराड गाठलं.

*

पहिला प्रश्न फोनवरच विचारून झाला होता : स्लो म्हणजे काय होतं नक्की? कारण स्लोपणा चार जातींचा असतो. ब्राउझर उघडायलाच वेळ लागतो, ही एक. उघडतो झटकन, पण पान यायला वेळ लागतो, ही दुसरी. पान येतं, पण वरखाली सरकवताना अडखळतं, ही तिसरी. आणि टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, ही चौथी. पहिल्या जातीत बहुधा डिस्कवर संशय घ्यायचा. दुसरीत नेटवर्क, समोरचा सर्व्हर किंवा पानाचं वजन, यांपैकी कोणीतरी. तिसरीत प्रोसेसर, ग्राफिक्स किंवा पानातली जावास्क्रिप्ट. आणि चौथीत कोणीही असो, इंटरनेट मात्र नाही. मेलच्या कोऱ्या चौकटीत "न" उमटायला इंटरनेट लागत नाही. तो कीबोर्डपासून पडद्यापर्यंत घरातल्या घरातच फिरतो.

बाबांचं उत्तर होतं : "मी न दाबतो. काही होत नाही. परत दाबतो. मग एकदम तीन न येतात."

या एका वाक्याने ब्रॉडबँडवाला निर्दोष सुटला. दुर्दैवाने तोवर घरातल्यांनी कोणाच्या तरी सल्ल्याने प्लॅन ४० एमबीपीएसवरून १०० वर नेऊन झाला होता. फरक शून्य. तो पडणारही नव्हता. गुगलमध्ये काम करणाऱ्या माइक बेल्शी यांनी २०१० मध्येच मोजून दाखवलं होतं, की साधारण ५ एमबीपीएसच्या पुढे बँडविड्थ वाढवून पान उघडण्याच्या वेळात फारसा फरक पडत नाही. कारण एक वेबपान म्हणजे एक मोठी फाइल नसते, शेकडो लहान लहान मागण्या असतात, आणि खरा वेळ जातो तो जाण्यायेण्यात. वाण्याकडे यादी न देता एकेक जिन्नस आणायला पोराला पिटाळलं, तर समोरचा रस्ता चौपदरी करून काय उपयोग? (या जाण्यायेण्यावर उपाय शोधतानाच पुढे २०१५ साली एचटीटीपी/२ आलं. त्यात सगळ्या मागण्या एकाच जोडणीवरून एकत्र पाठवता येतात. वाण्याला यादी द्यायला इंटरनेट उशिरा शिकलं, इतकंच.)

तर, तीन न. या तीन न-मध्येच बाबांच्या "चुका होतात"चं उत्तर होतं.

जेकब नील्सन या यूझेबिलिटीवाल्यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात तीन मर्यादा सांगितल्या आहेत. त्यांचं मूळ १९६८ पर्यंत मागे जातं. एक दशांश सेकंद : तेवढ्यात उत्तर आलं तर माणसाला वाटतं, हे मीच केलं. एक सेकंद : उशीर जाणवतो, पण विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंद : याच्या पुढे लक्ष टिकत नाही, माणूस दुसरं काहीतरी करायला लागतो. मशीन हजारपट वेगवान झाली, पण हे आकडे जुने झाले नाहीत, कारण ते मशीनबद्दल नाहीतच, आपल्या मेंदूबद्दल आहेत.

आता हे आकडे बाबांच्या टेबलाला लावून बघा. की दाबल्यावर अक्षर तीन सेकंदांनी येतं. बोट आणि अक्षर यांचं नातं तुटलं. माणसाला वाटतं, की नीट दाबली गेली नसावी. तो परत दाबतो. मग तीन न येतात. तो दोन खोडायला जातो, खोडणंही उशिरा होतं, म्हणून चार वेळा खोडतो आणि आधीचं अक्षरही जातं. "पे" बटण दाबलं, वीस सेकंद काहीच नाही, म्हणून परत दाबलं. बिल दोनदा भरण्याची वेळ येते ती अशी. यात त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. तुम्ही-मी त्या खुर्चीत बसलो असतो तर हेच केलं असतं. फरक एवढाच, की तिशीतला माणूस कीबोर्ड आपटून "काय डबडं आहे" म्हणतो, आणि पंच्याहत्तरीतला माणूस मुकाट्याने कॉम्प्युटरवर कापड टाकतो. स्लो मशीन चुका तयार करतं आणि त्या माणसाच्या वयाच्या खात्यावर जमा होतात!

*

घरी पोचल्यावर पहिलं काम : कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. टास्क मॅनेजर. प्रोसेसर २५ टक्क्यांच्या आसपास, निवांत. मेमरी ९३ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि तिथून हलायला तयार नाही.

बाबांना हे ओटा आणि माळ्याच्या भाषेत सांगितलं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा असेपर्यंत स्वयंपाक भराभर होतो. ओटा भरला की एक पातेलं माळ्यावर टाकून दुसरं काढायचं. मग पहिलं लागलं की पुन्हा शिडी. स्वयंपाकीण तीच, गॅस तोच, पण अर्धा दिवस शिडीवर. विंडोज नेमकं हेच करत होतं : रॅममधली पानं डिस्कवर टाकणं आणि परत आणणं. त्यात हा माळा फिरता! मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. डोकं योग्य जागी न्यायचा वेळ त्यात मिळवला, तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक वेगवेगळ्या ठिकाणी हात घालू शकते. एसएसडीला फिरायचं काही नसतं, ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते.

बाबांनी लगेच शिक्षकी शंका काढली. "पण ओटा तोच आहे ना? २०१५ ला पुरत होता, मग आता का पुरत नाही?"

प्रश्न एकदम रास्त. चार जीबीचे तीन जीबी झालेले नाहीत. प्रोसेसर दहा वर्षांपूर्वी सेकंदाला जेवढं काम करायचा तेवढंच आजही करतो. वाढलंय ते सामान. एक म्हणजे पानं जाड झाली. २०१६ साली कोणीतरी हिशोब मांडला होता, की सरासरी वेबपान आता १९९३ च्या "डूम" या अख्ख्या गेमच्या इन्स्टॉलरएवढं झालंय. त्यानंतरही पानं जाडच होत गेली. दुसरं, ब्राउझरची अंतर्गत रचना. २००८ साली क्रोम आला तोच मुळी प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस देण्याची कल्पना घेऊन. एक टॅब कोसळला तर बाकीचे वाचावेत म्हणून. मग जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधलीच सुरक्षेची भेग उघड झाली, आणि त्याच वर्षी क्रोमने डेस्कटॉपवर वेगवेगळ्या साइट्सना सक्तीने वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडायला सुरुवात केली. एकाच पानात दुसऱ्या साइटची जाहिरात असेल तर तिलाही वेगळी खोली. गुगलनेच तेव्हा सांगितलं होतं, की यासाठी साधारण दहा ते तेरा टक्के जास्त मेमरी लागेल. निर्णय बरोबरच होता, सुरक्षा फुकट मिळत नाही. पण त्याचं बिल कराडच्या चार जीबीवर आलं, आणि ते आलंय हे तिथे कोणालाच कळलं नाही.

"म्हणजे मशीन म्हातारं झालेलं नाही," बाबा म्हणाले.

नाही. त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढलंय, एवढंच.

*

आता एखादा म्हणेल, कारण सापडलं, एसएसडी टाका आणि मोकळे व्हा. पण थांबा. एक कारण सापडलं म्हणजे एकच कारण होतं असं सिद्ध होत नाही. डिबगिंगमधला हा सगळ्यात जुना सापळा. म्हणून क्रोमचीच गेस्ट विंडो उघडली. तीच मशीन, तोच ब्राउझर, तेच इंटरनेट. फक्त बाबांचं प्रोफाइल नाही. म्हणजे एक्स्टेंशन नाहीत, जुन्या परवानग्या नाहीत, साठलेलं काही नाही. आता दोन्हीकडे तेच पान उघडून वेळ मोजायचा.

मी हे सांगत असतानाच बाबा म्हणाले, "म्हणजे ही दुसरी कुंडी."

क्षणभर मला कळेना. मग ट्यूब पेटली. प्रकाशसंश्लेषण! दोन सारख्या कुंड्या, एक उन्हात, एक अंधारात, बाकी माती-पाणी सगळं सारखं. तीसेक वर्षं त्यांनी सातवी-आठवीच्या पोरांना हेच शिकवलं होतं : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर अनुमान काढता येत नाही. ते उठले, कपाटातून एक कोरी प्रयोगवही काढली, पट्टीने रेघा मारल्या. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मोबाइलचं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू वेळ मोज. मी लिहितो." प्रयोगाचा ताबा गेला!

नियमही त्यांनीच घातले. प्रत्येक बदलानंतर कॉम्प्युटर बंद करून सुरू करायचा. प्रत्येक वेळ तीनदा मोजायची आणि मधली धरायची. मोजायचं पान एकच, एका बातम्यांच्या साइटचं पहिलं पान. सोबत मेलमध्ये एक "न".

नेहमीच्या विंडोत पान ४१ सेकंदांत आलं, न तीन सेकंदांत. गेस्ट विंडोत पान २६ सेकंदांत आलं आणि न जवळजवळ लगेच, अधूनमधून अडखळत. म्हणजे पंधरा सेकंद आणि तीन न हा प्रोफाइलमधल्या कशाचा तरी प्रताप होता. राहिलेले सव्वीस डिस्क-मेमरीचे. दोन आजार, दोन औषधं. नुसती एसएसडी टाकली असती तर पहिला आजार तसाच लपून राहिला असता.

मोजताना बाबांच्या लक्षात आलं, की दुसऱ्यांदा तेच पान जरा लवकर येतं. त्याचं कारण कॅश. एकदा आणलेली चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट ब्राउझर डिस्कवर ठेवून देतो, म्हणजे पुन्हा जावं लागत नाही. आणि आपण "स्लो झालाय? कॅश क्लिअर कर" सांगतो! म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली साठवण फेकून देऊन पुन्हा बाजाराचा रस्ता धरायचा. एखादी जुनी फाइल अडकून पान मोडकं दिसत असेल, तर कॅश साफ करण्याला अर्थ आहे. स्लोपणावर ते पहिलं औषध नव्हे. शिवाय त्याच खिडकीत कुकीजवरही टिक राहिली, की सगळीकडून लॉगआउट, आणि मग पासवर्डची डायरी शोधणं आलं.

ब्राउझर बदलण्याचंही तसंच. नवा ब्राउझर पहिले काही दिवस पळतो, कारण तो रिकामा असतो. नवीन घर हवेशीर वाटतं, कारण सामानाचा ट्रक अजून यायचा असतो. त्यात जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज हाही क्रोमियमवरच बांधलेला आहे, आणि ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी यांचंही इंजिन तेच. या मंडळींमध्ये अदलाबदल म्हणजे बरेचदा त्याच इंजिनाला नवा रंग. खरंच वेगळं इंजिन बघायचं तर फायरफॉक्स. पण आधी गेस्ट विंडो. ते ब्राउझर बदलण्याचंच काम फुकटात आणि दहा सेकंदांत करते.

*

प्रोफाइलमधला चोर शोधायला क्रोमचा स्वतःचा वेगळा टास्क मॅनेजर आहे : शिफ्ट-एस्केप. हा आपल्या आयटीवाल्यांपैकीही अनेकांना माहीत नसतो. (फायरफॉक्समध्ये ॲड्रेस बारमध्ये "अबाउट:प्रोसेसेस" हे इंग्रजीत टाइप करायचं.) कुठला टॅब, कुठलं एक्स्टेंशन किती मेमरी आणि किती प्रोसेसर खातंय, ते नावानिशी दिसतं. सगळे टॅब बंद केले तरी एक एक्स्टेंशन काहीतरी करतच होतं. फोटोची पीडीएफ करून देणारं. मग पाचही एक्स्टेंशन बंद केली : २७ सेकंद. एकेक चालू करत गेलो. पीडीएफवालं चालू केलं की पुन्हा ३९.

हे आलं कुठून? कुठल्यातरी फॉर्मला कागदपत्रं पीडीएफमध्येच हवी होती, तीही २०० केबीच्या आत, आणि सहीचा फोटो २० केबीच्या आत. (हा छळ ज्यांनी भोगलाय त्यांना समजेल.) बाबांनी फोटोची पीडीएफ कशी करायची ते शोधलं. एका पानाने सांगितलं, पुढे जायला हे बसवा. बसवलं, पीडीएफ झाली, काम झालं. बसवताना एक वाक्य समोर येतं, की हे एक्स्टेंशन सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. म्हणजे एक पीडीएफ करून द्यायला आलेला माणूस घराच्या सगळ्या किल्ल्या मागतोय, आणि काम झाल्यावर निघून जात नाही. मुक्कामाला राहतो.

एक्स्टेंशन चांगलं होतं की वाईट, हे बसवताना ठरवून भागत नाही, हा यातला आणखी त्रास. "द ग्रेट सस्पेंडर" हे त्याचं ठळक उदाहरण. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं, म्हणजे स्लो ब्राउझरवरचंच औषध, लाखो लोकांनी बसवलेलं. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्या कोणालातरी विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात मालवेअर असल्याचं सांगून गुगलने ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी या काळात काहीच केलं नव्हतं. औषधाची बाटली तीच होती, आतलं औषध बदललं होतं. (तसंही टॅब झोपवायला २०२२ च्या अखेरीपासून क्रोममध्येच मेमरी सेव्हर आहे.)

आणि मग, संध्याकाळी चहा पिताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पाटी आली. लाल रंग, उद्गारचिन्हं : तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा.

"हे रोज येतं," बाबा शांतपणे म्हणाले. "नंबर लिहून ठेवलाय डायरीत. तू आलास की विचारून फोन करणार होतो."

खरं सांगतो, पोटात गोळा आला. बाकी सगळं सेकंदांचं होतं, हे पेन्शनच्या खात्याचं होतं. असा फोन केला की पलीकडचा गोड आवाज कॉम्प्युटरचा ताबा मागतो, मग "दुरुस्तीची फी", आणि मग खातं रिकामं.

व्हायरस वगैरे काही नव्हता. ती पाटी विंडोजची नव्हतीच. ते होतं साधं ब्राउझर नोटिफिकेशन. कुठल्यातरी पानाने कधीतरी म्हटलेलं असतं, "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा." अलाउ दाबलं, की त्या साइटला कायमचा परवाना. मग ती साइट बंद असली तरी ब्राउझरमार्फत हवी ती पाटी टांगू शकते. इलाज : सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे अशा नऊ साइट निघाल्या. नऊही काढल्या, आणि यापुढे कोणी विचारूच नये हा पर्याय निवडला. आईबाबांच्या मशीनवर एवढी एक सेटिंग आजच बघा, बाकीचा लेख विसरलात तरी चालेल. आणि कोणी फसलंच तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे अडवता येतील की नाही, हे पहिल्या काही तासांवर बरंच अवलंबून असतं.

*

पुढचं फारसं नाट्यमय नाही. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठणारे सहा-सात प्रोग्राम बंद केले : २२ सेकंद. रविवारी दुकान उघडलं तसं २४० जीबीची एसएसडी आणि चार जीबी रॅम आणली, अडीच हजारांच्या आसपास. जुनी डिस्क फोटोंसाठी आत तशीच ठेवली. मग तेच पान, तेच स्टॉपवॉच : ५ सेकंद. आणि न? बोट उचलायच्या आत!

दुकानदार "यापेक्षा नवीनच घ्या" म्हणत होता. त्याचंही सगळं चूक नव्हतं. वेगवान मशीन म्हणजे सुरक्षित मशीन नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि २०१५ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून त्याच दिवाळीत त्या मशीनवर लिनक्स मिंट चढवलं. बाबांना फारसा धक्का बसला नाही, कारण त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे ब्राउझर, आणि तो तिथेही तसाच होता. मराठी कीबोर्ड पहिल्या दिवशी जरा रुसला, मग तोही आला.

लहान अक्षरांचं आणि विसरण्याचं बाबा आजही अधूनमधून बोलतात, आणि त्यातलं काही खरंही असेल. पंच्याहत्तरी ही काही कॅश नव्हे, क्लिअर करता येत नाही. पण कुठलं ओझं वयाचं आणि कुठलं कोणीतरी परस्पर लादलेलं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायच्या आधीच माणूस स्वतःला दोषी ठरवून मोकळा होतो. घरी कोणी "मला आता जमत नाही" म्हणालं, तर नवा फोन किंवा नवा लॅपटॉप बुक करण्याआधी दहा मिनिटं त्यांच्या शेजारी बसा. आणि माउस हातात घेऊ नका. नुसतं बघा.

प्रयोगवही चालू आहे. कापड केव्हाच निघालं आणि गल्लीचा दवाखाना पुन्हा सुरू झालाय. आता पेशंट आला की बाबा आधी विचारतात, "स्लो म्हणजे नक्की काय होतं?" मागच्या खेपेला वही चाळली. एका शेजाऱ्यांच्या लॅपटॉपची नोंद होती. उद्देश : फॉर्मचे पान का उघडत नाही ते शोधणे. कृती : दुसरी कुंडी पाहिली. मोबाइलवरही पाहिले. बाकीची पाने पाहिली, ती लगेच उघडतात. अनुमान : लॅपटॉप बरा आहे. माणूसही बरा आहे. शेवटची तारीख असल्याने पलीकडे गर्दी आहे. पहाटे पाच वाजता प्रयत्न करावा.

खाली तारीख, आणि शेरा : पाच वाजून दहा मिनिटांनी फॉर्म भरला.